‘हिमसेल्फ’ बरोबर, मग ‘मीसेल्फ’ का नाही? इंग्रजी आत्मवाचक सर्वनामांचे मूळ आणि कूळ

अक्षरवेल्हाळ

इंग्रजी आत्मवाचक सर्वनामे शाळेत एका दमात म्हणून घेतात: मायसेल्फ, अवरसेल्व्ह्ज, युवरसेल्फ, युवरसेल्व्ह्ज, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, देमसेल्व्ह्ज. एका रांगेत बसवल्यामुळे ती एकाच साच्यातून निघाली असावीत असे वाटते. तसे नाही. ‘माय’, ‘अवर’, ‘युवर’ ही षष्ठीची रूपे आहेत: माझा, आमचा, तुमचा. ‘हिम’ आणि ‘देम’ ही कर्माची रूपे आहेत: त्याला, त्यांना. ‘हर’ दोन्ही कामे करते, म्हणून तिथे काहीच ठरवता येत नाही. एकच तक्ता, त्यात दोन विभक्त्या. असे का?

माझे म्हणणे थोडक्यात असे: ‘सेल्फ’ हा शब्द मुळात विशेषण होता. पुढे तो नाम समजला जाऊ लागला. पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषाने नवी समजूत घेतली, तृतीय पुरुषाने जुनी रचना सोडली नाही. आजचा तक्ता म्हणजे अर्ध्यावर थांबलेला बदल.

हे डोळ्यांनी पाहायचे तर बायबलसारखे साधन नाही, कारण तेच वाक्य वेगवेगळ्या शतकांत पुन्हा पुन्हा भाषांतरित झाले आहे. दोन वाक्ये घेऊ. मार्क 12:31, म्हणजे ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’, यातला शेवटचा तुकडा पाहा.

चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या भाषांतरातली गॉथिक, म्हणजे इंग्रजीच्याच जर्मानिक कुळातली, आज लुप्त झालेली भाषा: ‘स्वे थुक सिल्बान’.
सन 1000 च्या आसपासची वेस्ट सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीची लिखित बोली: ‘स्वा थे सिल्फने’.
चौदाव्या शतकाच्या अखेरची विक्लिफ परंपरेतली इंग्रजी: ‘ॲज थी सिल्फ’.
1611 ची किंग जेम्स आवृत्ती: ‘ॲज थाय सेल्फ’, छापताना दोन सुटे शब्द.

गॉथिक ‘थुक’ आणि जुनी इंग्रजी ‘थे’ ही दोन्ही ‘तुला’ या अर्थाची रूपे. चौदाव्या शतकात तिथे ‘थी’ आले, म्हणजे ‘तुझा’. द्वितीयेची षष्ठी झाली ती या मधल्या चारशे वर्षांत.

आता मॅथ्यू 27:42, ‘त्याने दुसऱ्यांना वाचवले, स्वतःला वाचवता येत नाही’. गॉथिकमध्ये ‘सिक सिल्बान’, वेस्ट सॅक्सनमध्ये ‘हिने सिल्फने’, विक्लिफकडे ‘हिम सिल्फ’, 1611 मध्ये ‘हिमसेल्फ’, एकच शब्द. इथे षष्ठी कधी शिरलीच नाही. गॉथिकनंतर मात्र ‘सिक’ नाहीसा झाला आहे. तो कुठे गेला याबद्दल जाणकारांनी लिहावे.

लिप्यंतराबद्दल: जुन्या इंग्रजीतला ‘वाय’ हा स्वर ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधला, ओठ गोल करून म्हटलेला ‘इ’ होता. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून मी ‘इ’ लिहिले आहे.

---

षष्ठी_तत्पुरुष

उत्तम सुरुवात. ‘सेल्फ विशेषण होता’ हे वाक्य नुसते मान्य करून चालणार नाही, त्याची रूपे पाहिली पाहिजेत. मराठी वाचकाला ही रूपे अवघड जाऊ नयेत, कारण शाळेतल्या संस्कृतात विशेषण विशेष्याच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे चालते. जुन्या इंग्रजीत अगदी तसेच होते.

पुल्लिंगी एकवचन: प्रथमा ‘हे सिल्फ’, द्वितीया ‘हिने सिल्फने’, चतुर्थी ‘हिम सिल्फुम’, षष्ठी ‘हिज सिल्फेस’. स्त्रीलिंगी चतुर्थी आणि षष्ठी दोन्ही ‘हिरे सिल्फ्रे’. अनेकवचनात प्रथमा-द्वितीया ‘सिल्फे’, चतुर्थी ‘सिल्फुम’, षष्ठी ‘सिल्फ्रा’.

‘सिल्फ’ सर्वनामामागेच यायचा असे नाही. ‘से क्युनिंग सिल्फ’ म्हणजे खुद्द राजा. त्याचे काम जोर देण्याचे. कर्ता आणि कर्म एकच आहेत हे सांगणे ही त्याची नेमणूक नव्हतीच.

स्त्रीलिंगाची ‘हिरे’ ही नोंद लक्षात ठेवा. ‘तिला’ आणि ‘तिचा’ यांचे रूप एकच. पुढे सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

---

कोरी_पाटी

मग जुन्या इंग्रजीत आत्मवाचक सर्वनाम नव्हते का? ‘त्याने त्याला मारले’ आणि ‘त्याने स्वतःला मारले’ यांत फरक कसा करत?

---

षष्ठी_तत्पुरुष

स्वतंत्र आत्मवाचक सर्वनाम नव्हते. साधे ‘हिने’ दोन्ही अर्थांनी चालायचे. कोण कोणाला, हे संदर्भाने आणि क्रियापदाने कळायचे. ‘हे हिने रेस्ते’ म्हणजे त्याने विश्रांती घेतली. विश्रांती दुसऱ्याला घेववत नाहीत, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. जिथे गोंधळाची शक्यता, तिथे ‘सिल्फ’ जोडायचे. मॅथ्यू 27:5 मध्ये जूडास गळफास घेतो तिथे ‘हिने सिल्फने आहेंग’ आहे. फाशी साधारणपणे दुसऱ्याला देतात, म्हणून ‘स्वतःलाच’ असा जोर लागला. हाच तो दरवाजा, ज्यातून जोरदर्शक शब्द आत्मवाचकाच्या घरात शिरला.

पण ‘सिल्फ’ असले की आत्मवाचकच, असे समजून जुना मजकूर वाचाल तर फसाल. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या 961 व्या ओळीत नायक बेओवुल्फ राजा ह्रोथगारला सांगतो, की तुम्ही ‘हिने सेल्फने’ पाहायला हवे होते. इथे ‘हिने सेल्फने’ म्हणजे खुद्द ग्रेंडेल, बेओवुल्फने हरवलेला राक्षस. पाहणारा ह्रोथगार, दिसणारा ग्रेंडेल. आजच्या इंग्रजीत त्या जागी ‘हिमसेल्फ’ ठेवले तर राजाने स्वतःलाच पाहायला हवे होते असा अनर्थ होतो. रूप तेच, काम वेगळे.

त्याच काव्याची 26 वी ओळ ‘हिम था शील्ड येवात’ अशी सुरू होते. शब्दशः ‘त्याला तेव्हा (राजा) शील्ड निघून गेला’. हा ‘हिम’ म्हणजे शील्डच. जाणे, भिणे, बसणे अशा क्रियापदांबरोबर कर्त्याकडे वळणारी चतुर्थी घालायची रीत होती.

---

उत्तरसागर

‘सिक’ कुठे गेला, यावर.

मूळ जर्मानिक भाषेत तृतीय पुरुषासाठी वेगळे आत्मवाचक सर्वनाम होते. गॉथिकमध्ये ‘सिक’, जुन्या नॉर्समध्येही (व्हायकिंगांच्या भाषेत) ‘सिक’, जर्मनमध्ये आज ‘झिश’, स्वीडिशमध्ये ‘सिग’ असे लिहितात आणि ‘सेय’ म्हणतात. लूथरच्या जर्मन बायबलाच्या आजच्या आवृत्त्यांत त्याच मॅथ्यूच्या वाक्यात ‘झिश झेल्बर’ आहे, म्हणजे गॉथिक ‘सिक सिल्बान’ची जोडी जशीच्या तशी. उत्तर समुद्राच्या काठच्या बोलींनी मात्र हे सर्वनाम टाकून दिले: जुनी इंग्रजी, जुनी फ्रिजियन आणि बऱ्याच अंशी जुनी सॅक्सन. फ्रिजियनमध्ये आजही ‘तो अंग धुतो’ हे ‘त्याला धुतो’ अशा रचनेने सांगतात. जुन्या डच भाषेतही ‘हेम’ चालायचे. आजचे डच ‘झिख’ पूर्वेकडून, जर्मन बोलींच्या बाजूने पसरले. म्हणजे ‘हिने’वर भागवणारी इंग्रजी एकटी नव्हती, सगळा किनारा तसाच बोलत होता.

या सर्वनामाचा एक अवशेष इंग्रजीत राहिला होता: षष्ठीचे ‘सीन’, आपला या अर्थी. बेओवुल्फमध्ये ते सापडते, पण गद्यात जवळपास नाहीच. काव्याची भाषा जुनी रूपे जास्त काळ सांभाळते.

आणि मग ‘सिक’ मागच्या दाराने परत आला. नॉर्समध्ये तो क्रियापदाला चिकटून ‘-स्क’ झाला होता. व्हायकिंग वस्तीतून इंग्रजीत आलेल्या दोन क्रियापदांत तो अजून बसला आहे. ‘बुआस्क’ म्हणजे स्वतःची तयारी करणे, त्यावरून उत्तरेकडचे ‘बस्क’. आणि ‘बाथास्क’, स्वतः न्हाणे, यावरून आजचे ‘बास्क’, उन्हात पडून राहणे. ‘बास्क’ म्हणणाऱ्या इंग्रजाच्या तोंडी हरवलेले आत्मवाचक सर्वनाम रोज येते, फक्त त्याला ते ओळखू येत नाही.

या ‘सिक’चे मूळ इंडो-युरोपीय ‘स्वे’ किंवा ‘से’. संस्कृत ‘स्व’, लॅटिन ‘से’ आणि ‘सूउस’, रशियन क्रियापदांना लागणारे ‘-स्या’, फारसी ‘खुद’ हे सगळे त्याच घरातले. मराठीतले ‘खुद्द’ फारसीतून आले, म्हणजे ‘स्वतः’ आणि ‘खुद्द’ हे चुलत भाऊ. आणि मराठीनेही इंग्रजीसारखेच केले आहे. रोजच्या बोलण्यातले आपले वारसाहक्काचे आत्मवाचक ‘आपण’, ‘आपला’ हे ‘स्व’पासून आलेले नाही, ते ‘आत्मन्’वरून प्राकृत ‘अप्पण’ या वाटेने आले. ‘स्वतः’ मागाहून संस्कृतातून थेट उचलले.

---

मात्रावृत्त

आता मुख्य प्रश्न: ‘मे सेल्फ’चे (‘मे’ म्हणजे मला, आजच्या उच्चारात ‘मी’) ‘माय सेल्फ’ कसे झाले. याला एक कारण पुरत नाही. चार गोष्टी एकावर एक साचल्या.

पहिली: प्रत्यय झिजले. बाराव्या शतकापर्यंत ‘सिल्फने’, ‘सिल्फुम’, ‘सिल्फ्रे’ हे सगळे ‘सेल्फ’, ‘सेल्फे’ किंवा ‘सेल्वेन’ एवढ्यावर आले. विशेषण कोणत्या विभक्तीत आहे हे कळेनासे झाले, आणि विभक्ती कळेना तर ते विशेषण आहे हे तरी कशावरून कळणार? याच काळात द्वितीयेचे ‘हिने’ मागे पडून चतुर्थीचे ‘हिम’ दोन्ही कामे करू लागले. म्हणून ‘हिमसेल्फ’ला पाया चतुर्थीचा मिळाला. जुने ‘हिने’ अगदी मेले मात्र नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या बोलींत ‘त्याला’ या अर्थी ‘अन’ म्हणतात, तो त्याचाच उरलेला तुकडा.

दुसरी: स्वर. ‘मे सेल्फ’मध्ये जोर ‘सेल्फ’वर, म्हणून आधीचा ‘मे’ आखूड आणि सैल होतो. त्याच काळात षष्ठीच्या ‘मीन’मधला ‘न’ व्यंजनापुढे गळून ‘मी’ उरत होता. ‘सेल्फ’ व्यंजनाने सुरू होतो. त्यामुळे जोर नसलेला ‘मे’ आणि ‘न’ गळालेला ‘मी’ कानाला जवळजवळ सारखेच. ‘थे’ आणि ‘थी’ यांचेही तेच. ऐकणाऱ्याने षष्ठी ऐकली तर त्याला दोष देता येत नाही.

तिसरी: ‘हिरे सेल्फ’. षष्ठी_तत्पुरुष यांनी वर सांगितलेच आहे. ‘तिला स्वतः’ आणि ‘तिचे स्व’ या दोन्ही फोडी तिथे व्याकरणाला मान्य होत्या. दोन फोडींचा एक शब्द भाषेत असला की बाकीच्यांना तो वाट दाखवतो.

चौथी: ‘सेल्फ’ला नाम मानल्यावर त्याच्या आधी षष्ठीच हवी. मग ‘अस सेल्फ’चे ‘अवर सेल्फ’ आणि ‘यू सेल्फ’चे ‘युवर सेल्फ’ झाले. इथे स्वरांचे साम्य फारसे नाही. ही ओढ साच्याची.

‘हिम’ मात्र हलला नाही. ‘हिम’ आणि ‘हिज’ यांत गफलत होण्यासारखा उच्चार नाही. आणखी एक कारण मला जास्त वजनाचे वाटते. ‘मला’ म्हटले की तो मीच, दुसरा कोणी असूच शकत नाही. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या पुरुषात ‘सेल्फ’ची गरज उशिरा पडली. तृतीय पुरुषात ‘त्याला’ म्हणजे कोणाला हा प्रश्न रोजचा, म्हणून तिथे ‘हिम सेल्फ’ ही जोडी आधी रुळली. भाषाशास्त्रज्ञ एली व्हॅन गेल्डेरन यांनी जुन्या मजकुरांचा जो अभ्यास केला, त्यातही तृतीय पुरुषच पुढे दिसतो. आधी रुळलेले रूप नंतरच्या लाटेला दाद देत नाही.

‘सेल्फ’ खरोखर नाम झाला आहे का, याची चाचणी सोपी आहे. मध्ये एक विशेषण घाला. ‘हिमसेल्फ’ फोडून ‘ओन’ घातला की ‘हिज ओन सेल्फ’ होते. ‘हिम ओन सेल्फ’ कोणी म्हणत नाही. ‘देअर ओन सेल्व्ह्ज’ही तसेच. विशेषण आले की तृतीय पुरुषातही लपलेले नाम उघडे पडते आणि षष्ठी मागते.

शेक्सपियरमध्ये याहून पक्का पुरावा आहे. ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये एक पात्र ‘माय सेल्फ हॅथ’ असे म्हणते. ‘हॅथ’ हे तृतीयपुरुषी क्रियापद. कर्ता ‘मी’ असता तर ‘हॅव्ह’ आले असते. म्हणजे त्या वाक्यात ‘माय सेल्फ’ हे ‘माझे घर’ इतकेच साधे नाम आहे.

---

नीरजा_लीड्स

बोलींकडेही पाहा, कारण तिथे हा बदल शेवटपर्यंत गेला आहे. यॉर्कशरमध्ये आणि ईस्ट मिडलंड्समध्ये ‘मिसेन’, ‘थिसेन’, ‘हिसेन’ ही रूपे आहेत. यातला ‘सेन’ म्हणजे जुन्या ‘सेल्वेन’चा घासून उरलेला भाग, चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्याकडे ‘हिमसेल्वेन’ लिहिलेले सापडते. ‘हिसेन’मध्ये ‘हिज’ आहे, ‘हिम’ नाही. अमेरिकेतल्या अनेक बोलींत, आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीतही, ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ह्ज’ नेमाने येतात.

शाळेत याला अडाणी बोलणे म्हणतात, ते मला पटत नाही. ‘मायसेल्फ’, ‘युवरसेल्फ’, ‘हिजसेल्फ’, ‘देअरसेल्व्ह्ज’ हा तक्ता प्रमाण तक्त्यापेक्षा जास्त नियमित आहे. बोलीने हिशेब पूर्ण केला. प्रमाण भाषेने अर्धा सोडला.

अमेरिकेच्या दक्षिणेत ‘आय गॉट मी अ ट्रक’ असे म्हणतात. ‘सेल्फ’ न लावता कर्त्याकडे वळणारे सर्वनाम, म्हणजे शील्डच्या ‘हिम’च्याच जातीची रचना.

---

कोरी_पाटी

अनेकवचनात ‘सेल्व्ह्ज’ कधी आले? आणि ‘फ’चा ‘व’ का होतो?

---

मात्रावृत्त

‘फ’-‘व’ची अदलाबदल अनेकवचनाहून जुनी आहे. जुन्या इंग्रजीत दोन घोष ध्वनींच्या मध्ये आलेला ‘फ’ हा ‘व’ उच्चारला जाई. शब्दाच्या शेवटी तो ‘फ’ राही. ‘वुल्फ’-‘वुल्व्ह्ज’, ‘काफ’-‘काव्ह्ज’ याच नियमाची फळे. ‘सेल्फ’ विशेषण असताना त्याला ‘-स’ लागण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी विशेषणाला अनेकवचनाचा ‘-स’ लागत नाही. म्हणून चॉसरकडे ‘हेमसेल्फ’ आहे, अनेकवचनी असूनही ‘-स’ नाही. ‘हेम’ हे ‘त्यांना’चे देशी रूप; ‘देम’ नॉर्समधून उत्तरेत आले आणि हळूहळू दक्षिणेकडे सरकले. नाम ठरल्यावर ‘सेल्फ’ने इतर नामांसारखा ‘-स’ घेतला. पंधराव्या शतकात उत्तरेकडच्या मजकुरांत याची सुरुवात दिसते आणि 1540 च्या सुमारास ‘देमसेल्व्ह्ज’ प्रमाण झाले.

याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. ‘यू’ एकवचनी की अनेकवचनी हे प्रमाण इंग्रजीत कुठेच कळत नाही. अपवाद एकच: ‘युवरसेल्फ’ आणि ‘युवरसेल्व्ह्ज’. पत्र एकाला आहे की अनेकांना, हे त्या एका ‘-व्ह्ज’वरून कळते. भाषांतर करताना ‘तू’, आदरार्थी ‘तुम्ही’ आणि अनेकवचनी ‘तुम्ही’ यांत निवड करायची असेल तर आधी मजकुरात हे रूप शोधा.

राजे लोक स्वतःला ‘वुई’ म्हणत, पण राजा एकच, म्हणून त्यांचे रूप ‘अवरसेल्फ’. मॅकबेथ मेजवानीच्या प्रसंगात ते वापरतो. ‘देमसेल्फ’ आज एकवचनी ‘दे’बरोबर परत आले आहे. ज्यांना ते नवे वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की ‘देमसेल्व्ह्ज’च्या आधीचे सर्रास रूप तेच होते.

---

उत्तरसागर

वंशावळीत केल्टिक बाजूचाही दावा आहे, तो नोंदवतो. वेल्श भाषेत ‘हुन’ हा शब्द षष्ठीच्या सर्वनामामागे येतो: ‘व हुन’ माझे, ‘द हुन’ तुझे, ‘इ हुन’ त्याचे किंवा तिचे. आणि हीच रूपे ‘मी स्वतः’ व ‘मला स्वतःला’ दोन्हींसाठी. जर्मनमध्ये जोरासाठी ‘झेल्ब्स्ट’ आणि आत्मवाचकासाठी ‘झिश’ असे दोन वेगळे शब्द आहेत. जर्मानिक कुळात इंग्रजीच एकाच रूपावर दोन्ही कामे भागवते. थिओ फेनेमान यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे, की ब्रिटनमधले केल्टिक भाषक इंग्रजी बोलू लागले तेव्हा त्यांनी आपली सवय सोबत आणली.

---

षष्ठी_तत्पुरुष

हा दावा आकर्षक आहे, पण मला तो टिकणारा वाटत नाही.

एक, जोरदर्शक शब्द आत्मवाचक होणे ही जगभर चाललेली वाट आहे. तुर्की ‘केंदी’, फिनिश ‘इत्से’, चिनी ‘त्झ्ची’ ही सगळी दोन्ही कामे करतात. एकेहार्ड क्योनिग आणि पेटर झीमुंड यांनी अशा भाषांची तुलना केली आहे. लांब कशाला, ‘मी स्वतः पाहिले’ आणि ‘तिने स्वतःला आरशात पाहिले’ यांत मराठीचा ‘स्वतः’ तेच करतो. मराठीवर वेल्शचा प्रभाव पडलेला नाही.

दोन, ‘ही हिमसेल्फ’ या जोडीला घरचेच मूळ आहे. जुन्या इंग्रजीत ‘हे हिम सिल्फ’ अशी रचना होती: ‘हे’ प्रथमा, ‘सिल्फ’ प्रथमा, मधला ‘हिम’ कर्त्याकडे वळणारी सैल चतुर्थी. तीन सुटे शब्द. पुढे ‘हिम’ डावीकडून सुटून उजवीकडच्या ‘सेल्फ’ला चिकटला आणि कर्त्याला जोर देणारे ‘हिमसेल्फ’ तयार झाले. बाहेरून काही आणावे लागत नाही.

तीन, केल्टिक आणि इंग्रजी भाषकांचा पहिला मोठा संपर्क पाचव्या ते सातव्या शतकातला, आणि षष्ठीची रूपे पसरतात तेराव्या-चौदाव्या शतकात.

---

उत्तरसागर

तिसऱ्या मुद्द्यावर केल्टिकवाद्यांचे उत्तर असते, की लिखित वेस्ट सॅक्सन ही मठांतली घडीव भाषा होती आणि सामान्य माणसाचे बोलणे नॉर्मन विजयानंतर, म्हणजे 1066 नंतर, कागदावर उतरू लागले. ते अगदीच टाकाऊ नाही. पहिले दोन मुद्दे मात्र मला मान्य आहेत, विशेषतः ‘हे हिम सिल्फ’चा.

---

सदाशिव_प

ही चर्चा शिकवताना कशी वापरायची ते लिहितो. मराठी माध्यमातल्या मुलांच्या ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याच चुकांची मुळे याच इतिहासात आहेत.

इंग्रजीत आत्मवाचक सर्वनाम बाहेर पडण्याचा प्रवाह मोठा होता. पूर्वी ‘रिपेंट हिम’, ‘रेस्ट हिम’, ‘आय फिअर मी’ असे चालायचे. किंग जेम्स आवृत्तीत तिसऱ्या स्तोत्रात ‘आय लेड मी डाउन’ आहे. आज त्यातले सर्वनाम गेले. वॉश, ड्रेस, शेव्ह ही क्रियापदे एकटीच आत्मवाचक अर्थ देतात. ‘ही वॉश्ड हिमसेल्फ’ चुकीचे नाही, पण त्याने खास जोर येतो: लहान मूल पहिल्यांदा आपले आपण अंग धुते, किंवा आजारी माणसाला ते जमते, तेव्हा शोभते. ‘आय फील मायसेल्फ सिक’ मात्र चूक. ‘मला बरे वाटत नाही’चा ‘मला’ तिथे आणायचा नाही.

उलट काही क्रियापदांना सर्वनाम सोडतच नाही: प्राइड, ॲबसेंट, पर्जर, इन्ग्रेशिएट, अवेल. भारतीय इंग्रजीत ‘अवेल द ऑफर’ सर्रास छापतात. प्रमाण रचना ‘अवेल वनसेल्फ ऑफ’ अशी आहे. त्यातून आधी सर्वनाम गळले, मग ‘ऑफ’ गळला. परीक्षेत आणि परदेशी पत्रव्यवहारात पूर्ण रचनाच लिहावी. ‘एन्जॉय’चेही तसेच: कर्म द्या किंवा ‘युवरसेल्फ’ द्या.

तिसरी जागा शब्दयोगी अव्ययांची. ‘ही लुक्ड बिहाइंड हिम’, ‘शी हॅड नो मनी विथ हर’. जागा किंवा जवळ असणे दाखवणाऱ्या अव्ययामागे जुने साधे सर्वनामच टिकले आहे. मराठीत आपण ‘त्याने आपल्या मागे पाहिले’ म्हणतो, म्हणून मुले ‘बिहाइंड हिमसेल्फ’ लिहितात. हा हजार वर्षे जुना ‘हिम’ आहे. तो तसाच ठेवायचा.

---

कोरी_पाटी

आणि ‘मायसेल्फ प्रकाश, फ्रॉम पुणे’?

---

सदाशिव_प

आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘मायसेल्फ’ एकटा कर्ता होत नाही. ‘आय ॲम प्रकाश’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणावे. इथे ‘स्वतः’ या सवयीचा हात दिसतो: ‘मी स्वतः’मधला जोर पाहुण्यासमोर नम्रतेसारखा वापरला जातो. पण यावर हसण्याआधी मात्रावृत्त यांनी दिलेले ‘माय सेल्फ हॅथ’ पुन्हा वाचा. एकेकाळी ते कर्ता होत असे. आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या कार्यालयीन पत्रांत ‘प्लीज कॉन्टॅक्ट रवी ऑर मायसेल्फ’ रोज लिहिले जाते, तेही प्रमाण व्याकरणाला धरून नाही. तिथे कर्माचे इंग्रजी ‘मी’ (मला) हवे. जोड कर्मात कोणते रूप हे कळेना, तर दुसरे नाव काढून वाक्य म्हणून पाहा: ‘कॉन्टॅक्ट मी’. झाले.

---

अक्षरवेल्हाळ

ज्यांना जुन्या मजकुरात स्वतः शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी काही व्यवहारी गोष्टी, कारण पहिलाच शोध रिकामा निघाला की लोक चुकीचा निष्कर्ष काढतात.

मूळ वर्णलेखनाची प्रत आणि आधुनिक वर्णलेखनाची प्रत यांतला फरक आधी तपासा. आधुनिक आवृत्त्या ‘माय सेल्फे’ हे दोन शब्द गुपचूप एक करतात. जोड कधी झाली हा तुमचा प्रश्न असेल तर अशी प्रत निरुपयोगी. 1623 च्या शेक्सपियर फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, ‘माय सेल्फे’, ‘युवर सेल्फे’ बहुधा सुटे आणि ‘हिमसेल्फे’ बहुधा जोडलेले छापले आहे. मुद्रकांना षष्ठीमागचा ‘सेल्फ’ अजून नाम वाटत होता याची ही खूण मानायला हरकत नाही.

1611 च्या मूळ छपाईत ‘देमसेल्व्ह्ज’ आजच्या अक्षरांनी शोधाल तर काहीच मिळणार नाही. तेव्हा शब्दाच्या आत ‘व्ही’च्या जागी ‘यू’ हे अक्षर छापत, त्यामुळे ‘यू’ घालून शोधा.

मध्य इंग्रजीत स्वर बदलून निदान पाच रूपे शोधावी लागतात: सेल्फ, सिल्फ, सेओल्फ, सुल्फ, सेल्व्ह. शेवटी ‘-ए’ किंवा ‘-एन’ असलेलीही वेगळी घ्या. जुन्या इंग्रजीत ‘सिल्फ’ एकटा शोधू नका. आधीचे सर्वनाम आणि त्यामागचा प्रत्यय दोन्ही नोंदवा, मगच ती जोडी कर्त्याकडे वळते का ते ठरवा. ‘हिने सेल्फने’ची नुसती मोजदाद केली तर 961 व्या ओळीतला ग्रेंडेलही आत्मवाचकांच्या यादीत जाऊन बसेल.

‘वनसेल्फ’ शोधताना सोळाव्या ते अठराव्या शतकासाठी ‘वन्स सेल्फ’ अशी षष्ठीची जोडी घाला. जोडलेले ‘वनसेल्फ’ एकोणिसाव्या शतकात रुळले, तेही ‘हिमसेल्फ’, ‘इटसेल्फ’ यांच्या नमुन्यावर. षष्ठी सोडून उलट दिशेने गेलेले हे एकच रूप मला तक्त्यात दिसते.